आजी कशाने गेली?

आमच्या घरी पुस्तकांच्या कपाटात ज्ञानेश्वरीच्या शेजारी आमच्या घराण्याचा कुलवृत्तान्त ठेवलेला आहे. लाल कापडी बांधणी, पिवळी पडलेली पाने, आणि आरंभी कुलदैवताचे धूसर छायाचित्र. ज्यांच्या घरी असा ग्रंथ आहे त्यांना त्याची गोडी सांगायला नको. मूळ पुरुष कोकणातून घाटावर केव्हा चढला, कोणी सावकारी केली, कोण दत्तक गेला, हे सारे त्यात पिढीवार लावलेले असते. दिवाळीच्या सुट्टीत फराळाची ताटली मांडीवर घेऊन तो चाळण्याचा मला लहानपणापासून नाद. मराठीचा प्राध्यापक झाल्यावर त्या नादाला अभ्यासाचे नाव मिळाले, एवढेच.

तर या विद्वत्तेची परीक्षा गेल्या वर्षी श्रावणात एका फोनने घेतली. फोन माझ्या आतेबहिणीचा, मंजूचा, ठाण्याहून. (नाव बदलले आहे. बाकी सारे तिला वाचून दाखवून, तिच्या संमतीनेच लिहीत आहे.) पंधरा दिवसांपूर्वी तिच्या उजव्या स्तनातल्या गाठीचा तुकडा तपासला होता आणि तो कर्करोग निघाला होता. वय चव्वेचाळीस. रडणेभेकणे होऊन गेले होते. आता तिचा आवाज हिशेब मांडणाऱ्या माणसासारखा कोरडा होता.

"दादा, आजी कशाने गेली रे?"

"कोणती आजी?"

"माझ्या आईची आई. तुझ्या बाबांची आई. डॉक्टरीणबाईंनी विचारलंय. त्या कागदावर गोल नि चौकोन काढत होत्या. बायकांचे गोल, पुरुषांचे चौकोन. आईच्या गोलापर्यंत मी सांगितलं. पुढं मला काही येईना. म्हटलं, आमच्या दादाकडे पुस्तक आहे."

मी मोठ्या ऐटीत पुस्तक काढले. आमच्या शाखेचे पान उघडले. पणजोबांचे थोरले बंधू 'प्लेगने वारले' अशी नोंद होती. एक चुलत आजोबा 'विहिरीचे काम पाहताना दरड कोसळून' गेले होते. आणि आजीच्या नावापुढे तिचे माहेरचे आडनाव, मुलांची संख्या, आणि 'मृ. शके १८८२'. बस्स. मी मागची पाने उलटली, पुढची उलटली. साऱ्या ग्रंथात एकाही बाईच्या मरणाला कारण नव्हते. पुरुष कशाने तरी मरत होते. बायका नुसत्याच निवर्तत होत्या.

मंजूला मी सांगितले, "अण्णांना विचारतो."

अण्णा म्हणजे माझे वडील. पंचाहत्तरी ओलांडली तरी रोज सकाळी पर्वतीच्या पायथ्यापर्यंत जाऊन येणारे. मितभाषी. आईविषयी ते कधी बोलत नसत आणि आम्हीही विचारीत नसू. त्या संध्याकाळी मी विचारले तेव्हा त्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"पानशेतचा पूर आला ना, त्याच्या आदल्या वर्षी गेली. मी अकरा वर्षांचा होतो. छातीला गळू झालंय म्हणायचे. पोटिसं बांधायची. मागच्या खोलीत असायची. मला आत जाऊ द्यायचे नाहीत. वास यायचा. उदबत्त्या लावायचे." मग जरा थांबून म्हणाले, "गळू नव्हतं ते, हे मला मोठेपणी कळलं. पण सांगायचं कुणाला नि कशाला?"

आजी तेव्हा एकोणचाळीस वर्षांची होती. पासष्ट वर्षे ही गोष्ट अण्णांनी एकट्याने सांभाळली होती.

आणि मंजूची आई? आमची आत्या १९९६ मध्ये बावन्नाव्या वर्षी गेली. तिच्या पोटात पाणी झाले होते. दुखणे अंडाशयाचे होते. तेव्हा घरातला कोणीही शहाणा म्हणाला असता, आईचे दुखणे छातीचे, लेकीचे पोटाचे, यांचा एकमेकींशी संबंध काय? संबंध होता. तो मंजूच्या कागदावरच्या गोलांत डॉक्टरीणबाईंना दिसला.

* * *

गोल आणि चौकोन काढून रोगाचा माग घेण्याची ही कल्पना जुनी आहे. पॅरिसचा नामांकित शल्यवैद्य पॉल ब्रोका याने १८६६ साली अर्बुदांवरच्या आपल्या ग्रंथात एका कुटुंबाची वंशावळ दिली होती. चार पिढ्यांत स्तनाच्या कर्करोगाने एकामागून एक बायका गेल्या होत्या. ते कुटुंब त्याच्या स्वतःच्या पत्नीचे होते. म्हणजे या विषयावरचा हा पहिल्या काही कुलवृत्तान्तांपैकी एक, आणि तो बायकांचा!

परंतु वंशावळीत रोग दिसला म्हणजे तो रक्तातूनच आला असे सिद्ध होत नाही. एका घरातली माणसे एकच अन्न खातात, एकाच हवेत राहतात. शिवाय स्तनाचा कर्करोग बराच आढळणारा. एका घरात दोघींना योगायोगानेही होऊ शकतो. म्हणून विसाव्या शतकात बराच काळ पुष्कळ जाणत्यांना ही आनुवंशिकतेची गोष्ट पटत नव्हती.

इथे एका मराठी बाईंचे नाव घ्यायलाच हवे. कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ. जन्म १९१७, पुण्याचा. हुजूरपागेत शिकल्या, पुढे फर्ग्युसनमध्ये. त्यांचे वडील तिथेच जीवशास्त्राचे प्राध्यापक. लग्नानंतर मुंबईस आल्या, टाटा रुग्णालयात डॉ. खानोलकरांच्या हाताखाली संशोधन करून १९४९ मध्ये त्यांनी पीएच. डी. मिळविली, आणि नंतर अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत शिकून परत मुंबईलाच आल्या. वेगवेगळ्या वाणांच्या उंदरांच्या माद्यांवर त्यांनी स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास केला आणि त्यात वंशाचा वाटा किती, बाळंतपणाचा किती, शरीरातल्या स्रावांचा किती, हे सोडवून पाहिले. या रोगाचे आनुवंशिकतेशी असलेले नाते लवकर ओळखणाऱ्यांपैकी त्या एक. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले, २००१ मध्ये त्या वारल्या. आमच्या आजीच्या खोलीत उदबत्त्या लावल्या जात होत्या त्या वर्षी पुण्याची ही लेक मुंबईत हाच प्रश्न सोडवीत बसली होती, हे मला पूर्वी ठाऊक नव्हते.

माणसांच्या बाबतीत निकाल लागला तो १९९० मध्ये. अमेरिकेत मेरी-क्लेअर किंग या बाईंनी सोळा-सतरा वर्षे चिकाटीने या एकाच प्रश्नाचा पाठपुरावा केला. त्यांनी तेवीस मोठी कुटुंबे घेतली. त्यांतल्या ३२९ नातेवाइकांत स्तनाच्या कर्करोगाचे १४६ रुग्ण होते. ज्या घरांत हा रोग तरुण वयात येई, त्या घरांत तो सतराव्या गुणसूत्राच्या एका विशिष्ट तुकड्याबरोबर पिढ्यान्‌पिढ्या उतरतो, हे त्यांनी दाखवून दिले. लगेच त्या तुकड्यातले नेमके जनुक हुडकण्याची शर्यत सुरू झाली. ती १९९४ मध्ये युटा राज्यातल्या मंडळींनी जिंकली. तिथल्या मॉर्मन पंथीयांना आपल्या वंशावळी जपण्याचे धार्मिक वेड आहे, आणि त्या वंशावळी संशोधकांच्या फार उपयोगी पडल्या. त्या जनुकाचे नाव बीआरसीए-१. पुढच्याच वर्षी इंग्लंडमधल्या मंडळींनी तेराव्या गुणसूत्रावरचे बीआरसीए-२ शोधून काढले. मौज अशी की, युटाच्या कंपनीने या जनुकांवर पेटंट घेतले होते. २०१३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निकाल दिला की निसर्गाने घडविलेले जनुक कोणाच्या मालकीचे होऊ शकत नाही.

* * *

आता हे जनुक करते काय? इथे मला माझ्याच धंद्यातला दाखला सुचतो. पेशी दुभंगून दोन होते तेव्हा तिच्यातला सारा मजकूर नव्याने उतरून काढावा लागतो. नकलेत चुका होतात, धागे तुटतात. ते तपासून सांधणारे मुद्रितशोधक पेशीत असतात. बीआरसीए-१ आणि २ हे त्यांतले दोन. ते आपल्या सर्वांच्या अंगात आहेत, आणि 'तिच्यात ते जनुक सापडले' असे जे लोक म्हणतात ते चूक आहे. सापडते ते जनुक नव्हे, तर त्यातला बिघाड.

प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. बिघडलेली एक प्रत घेऊन मूल जन्माला आले तरी दुसरी काम सांभाळून घेते. पण आयुष्यात कधी एखाद्या पेशीतली ती दुसरी प्रतही निकामी झाली, की त्या पेशीत चुका तपासणारा कोणी उरत नाही. चुकांवर चुका साचत जातात आणि एक दिवस ती पेशी बेताल वाढू लागते. म्हणजे वारशाने कर्करोग येत नाही. येते ती तपासनीसाची रिकामी खुर्ची.

आणि बिघाड तरी केवढा! या मजकुराची लिपी चार अक्षरांची आणि प्रत्येक शब्द तीन अक्षरांचा. 'कमळ गवत नगर सदन' असे लिहिले आहे समजा. त्यातला एक 'ळ' गळाला आणि तीन-तीन अक्षरेच वाचण्याचा दंडक कायम राहिला, तर 'कमग वतन गरस दन' असे होते. पुढचा सारा मजकूर निरर्थक. वर्गात हे करून पाहताना 'वतन' हा शब्द मधेच आपोआप उमटला, तेव्हा मी क्षणभर थबकलो. वतनच ते, पिढीजात चालणारे.

हा बिघाड लाभलेल्या शंभर बायकांपैकी साधारण सत्तर जणींना ऐंशीव्या वर्षापर्यंत स्तनाचा कर्करोग होतो. अंडाशयाचा धोकाही पुष्कळच वाढतो, बीआरसीए-१ मध्ये विशेष. आमच्या आजीचे 'गळू' आणि आत्याच्या पोटातले पाणी हे एकाच गळालेल्या अक्षराचे दोन अर्थ होते.

परंतु एक गोष्ट मला इथे ठळकपणे सांगायची आहे, नाहीतर वाचक भगिनी उगाच धास्तावतील. स्तनाचा कर्करोग झालेल्या शंभर बायकांपैकी असा वारसा फक्त पाच ते दहा जणींकडे असतो. बाकीच्या नव्वदांच्या घराण्यात शोधूनही काही सापडत नाही. तेव्हा 'आमच्या घरात कोणाला नाही' हे गाठीकडे दुर्लक्ष करण्याचे कारण होऊ शकत नाही, आणि 'मावशीला झाला' एवढ्यावरून घाबरण्याचेही कारण नाही.

मंजूच्या फायलीत दोन कागद होते आणि त्यांनी आमचा बराच गोंधळ उडविला. दोहोंतही जनुकांचीच भाषा होती. एक कागद गाठीचा, एक रक्ताचा. आमच्या ओळखीच्या वकिलांनी तो गोंधळ त्यांच्या भाषेत सोडविला: "एक स्वकष्टार्जित मिळकत, दुसरी वडिलोपार्जित." अगदी बरोबर. गाठ वाढते, पसरते, ती तिच्या पेशींनी जन्मभरात कमावलेल्या बदलांच्या जोरावर. पसरण्याविषयी स्टीफन पॅजेट या इंग्रज शल्यवैद्याने १८८९ सालीच एक मार्मिक गोष्ट सांगितली होती. स्तनाच्या कर्करोगाने गेलेल्या ७३५ बायकांच्या शवचिकित्सेचे अहवाल पाहून तो म्हणाला, हा रोग वाटेल तिथे जाऊन पडत नाही. बी सगळीकडे उडते, पण रुजते ते मानवणाऱ्या जमिनीतच. हाडे, फुफ्फुस, यकृत या त्या जमिनी. आणि बी किती जोमदार हे गाठीतली जनुके ठरवितात. एचईआर-२ नावाच्या जनुकाच्या प्रती काही गाठींत भराभर वाढलेल्या असतात आणि तो रोग झपाट्याने पसरतो, हे १९८७ मध्ये कळले. १९९८ मध्ये नेमके त्यावरच औषध निघाले, आणि ज्या बातमीला पूर्वी बायका भीत तीच उपचाराची वाट ठरली. ही स्वकष्टार्जित मिळकत बाईबरोबर संपते. ती लेकीबाळींना जात नाही.

मंजूच्या गाठीत एचईआर-२ वाढलेले नव्हते, आणि स्त्रीत्वाच्या दोन स्रावांची जी दारे पाहतात तीही नव्हती. तिन्ही रकान्यांत नकार. अशी गाठ तरुण वयात निघाली की डॉक्टर वारशाची चौकशी करतात. म्हणून ते गोल-चौकोन. रक्ताचा कागद तीन-चार आठवड्यांनी आला. बीआरसीए-१ मध्ये बिघाड होता.

* * *

आमच्याकडे या बातमीवर पहिली प्रतिक्रिया काय झाली, सांगू? एक वडीलधारे नातेवाईक म्हणाले, "चला, म्हणजे ते आत्याच्या घराण्यात गेलं. आपल्याकडे काही नाही." आमच्या कुलवृत्तान्ताची हीच रीत. मुलगी सासरी गेली की तिची ओळ संपली. आणि मलाही, खोटे कशाला बोलू, क्षणभर हायसे वाटले. बायकांचा रोग, बायकांच्या ओळीतून चालणार. माझी मुलगी तिच्या आईवर गेली आहे!

पण जनुकाला गोत्र नाही. ते आजीकडून आत्याला जितक्या सहजतेने गेले, तितक्याच सहजतेने अण्णांना जाऊ शकत होते, अण्णांकडून मला, माझ्याकडून माझ्या मुलीला. प्रत्येक पायरीवर नाणेफेक, छापा किंवा काटा. बापाच्या मिळकतीत मुलीला पुरता वाटा द्यायला कायद्याला २००५ साल उजाडावे लागले. हा एक वाटा मात्र तिला पहिल्यापासून समान मिळत आला आहे. पुरुष तो बहुधा नकळत वाहून नेतो. त्यालाही क्वचित स्तनाचा कर्करोग होतो, बीआरसीए-२ असेल तर पुरःस्थ ग्रंथीचाही धोका वाढतो. पण गोल-चौकोनांच्या तक्त्यात चौकोनाखाली रोग दिसत नाही, म्हणून त्याखालच्या लेकी बेसावध राहतात.

मी तपासणीला जातो म्हटल्यावर अण्णा म्हणाले, "आधी माझं रक्त घ्या. माझ्यात नसेल तर तुझा नि पोरीचा प्रश्नच मिटला." समुपदेशनाला बसलेल्या बाई त्यांच्याकडे पाहतच राहिल्या. सारे शास्त्र त्यांनी एका वाक्यात सांगितले होते.

अण्णांच्या कागदावर बिघाड होता.

त्या रात्री ते जेवले नाहीत. "माझ्यामुळं," एवढेच म्हणाले. मी म्हणालो, "अण्णा, आजीला तरी ठाऊक होतं का?" ते म्हणाले, "आजीला नव्हतं. मला गळू नाही हे ठाऊक होतं. ताईला तेव्हाच सांगितलं असतं तर?" ताई म्हणजे आत्या. खरे तर १९९४ पर्यंत सांगूनही कोणाला काही करता आले नसते, आणि आत्या १९९६ मध्ये गेली. हे मी त्यांना तारखांनिशी समजावले. पटले की नाही, सांगता येत नाही.

नंतर माझा कागद आला. माझ्यातही आहे.

आमच्या कन्येला वय वर्षे एकोणीस. तिला सांगायचे की नाही यावर घरात आठ दिवस खल झाला. "लग्नाची मुलगी, कशाला गाजावाजा," असे सांगणारे होतेच. पत्रिका जुळविताना एकच नाड चालत नाही म्हणणारे आपण, या नाडीविषयी मात्र अळीमिळी गुपचिळी. शेवटी आम्ही दोघांनी तिला समोर बसवून सांगितले. तिने शांतपणे ऐकले आणि विचारले, "मग मी आत्ताच तपासायला हवं का?" नको, असे डॉक्टरांनीच सांगितले होते. तिशीच्या आत हा रोग फार क्वचित. पंचविशीच्या सुमारास तपासणी केली तरी चालते, आणि बिघाड निघाला तर दर वर्षी एमआरआय करून लक्ष ठेवता येते. पुढे मुलेबाळे झाल्यावर अंडाशय काढून टाकणे, कोणी स्तनही काढून घेणे, असे मार्ग आहेत. अँजेलिना जोली या नटीने २०१३ मध्ये तसे केल्याचे जगजाहीर सांगितले, तेव्हा पुष्कळ बायकांना पहिल्यांदा या जनुकाचे नाव कळले. ज्या पेशींची दुरुस्ती बिघडली आहे त्यांनाच नेमके गाठणारी औषधेही गेल्या काही वर्षांत आली आहेत. मंजूला त्यांतलेच एक मिळाले.

कन्या म्हणाली, "ठीक आहे. मी विचारीन तेव्हा सांगा. मागे लागू नका." मग जाताजाता, "आणि बाबा, तोंड पाडून बसू नका. तुम्ही मुद्दाम नाही दिलंत."

* * *

मध्यंतरी कुलवृत्तान्ताची नवी आवृत्ती निघणार म्हणून माहितीचा तक्ता घरी आला. मी तो नीट भरला. आजीच्या नावापुढे मृत्यूचे कारण लिहिले, आत्याच्या पुढेही लिहिले. संपादकांचे नम्र उत्तर आले: रोगांची नोंद करण्याची आपली प्रथा नाही, शिवाय शाखेत लग्नाच्या मुली आहेत. मी प्लेगच्या नोंदीचा पृष्ठक्रमांक कळविला. त्यावर अजून उत्तर नाही.

म्हणून मी आमच्या जुन्या प्रतीतच पेन्सिलीने लिहून ठेवले आहे. अण्णा शेजारी बसून सांगत होते. आजीच्या माहेरचे गाव, तिच्या दोन बहिणी, त्यांच्या लेकी. बिघाड आजीला माहेरहून आला असेल तर त्या साऱ्या जणीही या तक्त्यात येतात, आणि त्यांना कोणीच काही सांगितलेले नाही. त्यांपैकी तिघींचे पत्ते लागले आहेत.

वाचकहो, दिवाळीला घर भरते. काका, आत्या, मावश्या एका पंगतीला बसतात. फराळ आटोपला की एखाद्या दुपारी कागद-पेन्सिल घेऊन त्यांच्यापाशी बसा. कोण कशाने गेले, आणि कितव्या वर्षी, एवढेच विचारा. बायकांचे आधी विचारा. 'गळू', 'पोटात पाणी', 'अंगावरचे दुखणे' असे शब्द आले तर तेही तसेच लिहून घ्या; अर्थ लावणारे डॉक्टर आहेत. बहुतेक घरांत काही निघणार नाही, आणि दुपार जुन्या आठवणींत छान जाईल. ज्या थोड्या घरांत निघेल, त्यांना तो कागद आपल्या लेकीला द्यायला अजून वेळ आहे.

मंजूचे उपचार पुरे झाले. केस पुन्हा आले आहेत, पूर्वीपेक्षा कुरळे. या भाऊबीजेला मी तिच्याकडे ठाण्याला जाणार आहे. अण्णाही येतो म्हणत आहेत. ओवाळणीच्या पाकिटात यंदा नोटांबरोबर त्या तक्त्याची स्वच्छ नक्कल घालणार आहे. तिची मुलगी दहावीला आहे. तिच्या नावाचा गोल मी मोकळा ठेवला आहे.